पावणेदोन फुटांवरून पाहिलेली लग्नं

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. हसलात ना? हसा खुशाल. तुमच्या पुस्तकांत नदी बोलते, वडाचं झाड बोलतं, शाळेची घंटासुद्धा बोलते. मग मी चार पायांवर उभा राहून दोन शब्द बोललो, तर कोणाचं काय बिघडतं? माझं वय अकरा वर्षं. तुमच्यात हे वय शाळेत जायचं असतं. आमच्यात या वयाला सरळ म्हातारपण म्हणतात.

माझा जन्म पुण्यात भवानी पेठेत झाला. तिथल्या लाकूडबाजाराच्या मागे उत्तरेश्वर नावाच्या सुतारांचं दुकान होतं. दाराच्या चौकटीतून उरलेला सागवानाचा एक तुकडा तिथे कोपऱ्यात पडून होता. तो तुकडा म्हणजे मी. एके दिवशी दुकानात एक मुलगी आली. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, पायात बूट, आणि उंची चार फूट अकरा इंच. तिचं नाव पूर्णिमा. ती लग्नांचे फोटो काढायची. काढायची म्हणजे, काढायला जायची. कारण ऐन मुहूर्ताला वऱ्हाड्यांची जी भिंत उभी राहते, तिच्यामागे हिला फक्त पाठी आणि फेटे दिसायचे.

"मला एक स्टूल हवंय," ती म्हणाली. "एकवीस इंच उंच. एका हातात उचलता आलं पाहिजे. आणि त्याने आवाज करता कामा नये."

"आवाज? स्टूल काय गाणार आहे का?" उत्तरेश्वरांनी विचारलं.

"मंगलाष्टकं चालू असताना मी त्यावर उभी राहणार. ते करकरलं की व्हिडिओत ऐकू येतं."

उत्तरेश्वरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "स्टूल करकरणार नाही. वर उभं राहणाऱ्याने चुळबुळ करायची नाही, म्हणजे झालं."

त्यांनी शब्द पाळला. माझ्या अंगात एकही खिळा नाही. लाकडात लाकूड बसवलेलं आहे, आणि पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले आहेत. एकवीस इंच म्हणजे पावणेदोन फूट. तेवढ्या उंचीवरून मी आणि पूर्णिमाने मिळून किती लग्नं पाहिली याची गणती मी ठेवली नाही. पण माझ्या डोक्यावरचं पॉलिश तिच्या बुटांनी पार गेलं, यावरून काय ते समजा.

आता तुम्ही म्हणाल, स्टूल लग्नाच्या दिवशी लागतं, बाकीचे दिवस आराम. तसं नाही हो. माझं खरं काम लग्नाच्या एक महिना आधीच सुरू व्हायचं. पूर्णिमाची एक पद्धत होती. कुठलंही लग्न घेतलं की ती आधी त्या घरी जायची, आणि मला बरोबर न्यायची. घरची माणसं तिला सोफ्यावर बसवायची, पाणी द्यायची, लॅपटॉप कुठे लावायचा ते दाखवायची. त्यांना वाटायचं, आता ही आपले जुने अल्बम दाखवणार. ही पाच मिनिटं सोफ्यावर बसून म्हणायची, "मी जरा आत येऊ का?" आणि मला उचलून थेट स्वयंपाकघरात. ओट्यापाशी मला ठेवायची, वर बसायची आणि शेंगा सोलायला मागायची.

बाहेरच्या खोलीत लग्नाचा कार्यक्रम कळतो, मित्रांनो. कोण कुठून येणार, हॉल कोणता, जेवणात काय. आत ओट्यापाशी माणसं कळतात. भाजी चिरताना, भांडी पुसताना बायका जे बोलतात ते कोणी सोफ्यावर बसून बोलत नाही. पूर्णिमा फार विचारायचीही नाही. "लवकर कोण दमतं तुमच्यात?" असं काहीतरी विचारायची. "रुसणारं कोण आहे?" हा तर तिचा हातखंडा प्रश्न. कारण रुसणारं माणूस प्रत्येक घरात असतं, आणि ते ग्रुप फोटोच्या वेळेलाच रुसतं. आणि निघता निघता ती विचारायची, "कुठला फोटो मिळाला नाही तर तुम्हाला वर्षभर चुटपुट लागेल?" समोर बसून ती काही लिहायची नाही. लिहायला लागलं की माणसं सावध होतात. लिफ्टमध्ये शिरली की मग वही काढून सगळं उतरवायची.

या पद्धतीचा उपयोग काय, ते लोणी काळभोरच्या एका लग्नात मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे डोळे मला नाहीत, पण तुम्ही समजून घ्या. नवऱ्या मुलाची आई मथुराबाई. तिने पोळ्या लाटता लाटता सांगून ठेवलं होतं, की आमचे धाकटे दीर तात्याराव प्रत्येक लग्नात रुसून जीपमध्ये जाऊन बसतात, आणि त्यांना आणायला गेलेली चार माणसंही फोटोत येत नाहीत. लग्नाच्या दिवशी सकाळी पूर्णिमाने मला मांडवाच्या दारात ठेवलं आणि तात्यारावांना हाक मारली.

"तात्याराव, पहिला फोटो तुमचा. मला उजेड बघायचाय."

"माझा कशापायी? म्या काय नवरदेव हाय का?"

"नवरदेव सारखा हलतो. तुम्ही ठाम बसता."

तात्याराव माझ्यावर बसले. मिशीवरून हात फिरवला. फोटो निघाला. त्यानंतर दिवसभर ते रुसले तर नाहीतच, उलट आम्ही जिकडे जाऊ तिकडे पुढे जाऊन ओरडत होते, "अरं, फोटोवाल्या ताईंना वाट द्या रं!" मथुराबाईंनी निघताना पूर्णिमाच्या हातावर पुरणपोळ्यांचा डबा ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला पाठ नाही, तरी पोचली.

ते माझे सुखाचे दिवस होते. मग आमच्या आयुष्यात श्रद्धा आली.

श्रद्धा ही लग्नांची आखणी करून देणारी. हल्ली घरोघरचे काका-मामा लग्नाची धावपळ करत नाहीत, ते पाहुण्यांसारखे येतात आणि पाहुण्यांसारखी नावं ठेवतात. धावपळ श्रद्धासारखी माणसं करतात. बाणेरला तिचं काचेचं ऑफिस होतं. मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही, कारण ती वाईट नव्हतीच. कामाला वाघीण. तीनशे माणसांची पंगत वेळेवर उठवायची, फुलवाल्याला फोनवर घाम फोडायची, आणि हे सगळं आवाज न चढवता. तिचा एक तक्ता असायचा. त्यात दर पाच मिनिटांनी काय होणार ते लिहिलेलं असायचं. कोण हसणार तेवढंच काय ते लिहायचं राहिलेलं.

श्रद्धाने पूर्णिमाला एका हंगामाची अठरा लग्नं देऊ केली. अठरा! मे महिना संपला की पुढच्या हंगामाच्या काळजीने पूर्णिमाची झोप उडायची, हे मी स्टुडिओच्या कोपऱ्यातून दर वर्षी पाहत होतो. तिचा चेहरा उजळला. मग श्रद्धाने दोन अटी सांगितल्या.

"क्लायंटशी डायरेक्ट बोलायचं नाही हं. घरी-बिरी जायचं नाही. चार जण चार गोष्टी सांगतात आणि माझं शेड्यूल कोलमडतं. आमचा ऑनलाइन फॉर्म असतो, बेचाळीस प्रश्नांचा. सगळं त्यात येतं."

"आणि दुसरी?" पूर्णिमाने विचारलं.

श्रद्धाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे. प्लीज. आमचा सगळा डेकोर पेस्टल असतो."

पूर्णिमा माझ्यासाठी भांडली, हे मला सांगितलंच पाहिजे. स्टुलाशिवाय मला दिसत नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. शेवटी तडजोड झाली. मला सायीच्या रंगाचं सॅटिनचं कापड गुंडाळायचं आणि पुढे एक बो बांधायचा. झालं! अकरा वर्षांचा सागवान मी, बारशाच्या बाळासारखा नटून बसलो. कापड एवढं गुळगुळीत, की त्यावर बूट घसरायचे. पण माझं जाऊ द्या. घरी जाण्याच्या बाबतीत मात्र पूर्णिमा भांडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. मला ते खटकलं. पण अठरा लग्नं म्हणजे अठरा लग्नं, आणि तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही "बरं" म्हणाला असता.

पहिली चार लग्नं व्यवस्थित पार पडली. उगाच खोटं कशाला बोलू? फोटो छान आले, वेळेवर जेवणं झाली, कोणी तक्रार केली नाही. तक्ता बरोबर आणि आम्ही चूक, असं मलाही वाटायला लागलं होतं.

पाचवं लग्न पायल आणि प्रज्ञेशचं. दोघंही हिंजवडीत एकाच कंपनीत. पायलचं घर धानोरीला. मूळचे भंडाऱ्याकडचे लोक, बौद्ध कुटुंब. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आई ललिताबाई शाळेत शिकवायच्या. पायलने फॉर्म रात्री ऑफिसच्या बसमध्ये बसून भरला होता. "काही खास क्षण?" या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, "विशेष काही नाही. साधंच आहे सगळं. वंदना शांतपणे होऊ द्या, तेव्हा धावपळ नको." श्रद्धाने ते वाचून तक्त्यात ओळ टाकली, की साडेअकराला वंदना, फोटोवाल्यांनी स्टेजजवळ थांबू नये. त्या वीस मिनिटांत वधूच्या खोलीत वस्तूंचे फोटो उरकून घ्यावेत. वस्तू म्हणजे अंगठ्या, बांगड्या, पत्रिका आणि अत्तराची बाटली. हल्ली अल्बममध्ये त्यांनाही दोन पानं लागतात.

मांजरीच्या एका लॉनवर लग्न होतं. पूर्णिमाने याआधीही बौद्ध लग्नं केली होती. वंदना, त्रिशरण-पंचशील, वधूवरांची प्रतिज्ञा, मग हार, हा क्रम तिला पाठ होता. त्यामुळे तक्त्यात चूक आहे असं तिला वाटायचं काही कारणच नव्हतं. साडेअकराला ती मला घेऊन वधूच्या खोलीत गेली. खाली पांढरी चादर अंथरली, त्यावर बाटली ठेवली, बांगड्या गोल मांडल्या, आणि वरून फोटो घ्यायला माझ्यावर चढली.

तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. ती त्रिशरण म्हणत होती. आवाज कापत होता, पण अडखळत नव्हता. ती एक ओळ म्हणायची आणि मागून सगळं लॉन म्हणायचं. एरवी हे लग्न लावणारे बौद्धाचार्य म्हणतात. पूर्णिमाचे पाय माझ्यावर थांबले. खोलीत श्रद्धाच्या हाताखालची एक मुलगी होती. पूर्णिमाने तिला विचारलं, "हे कोण म्हणतंय ग?"

"फॅमिलीतलं कोणीतरी. आत्या आहे वाटतं पायलची."

पूर्णिमाने उडी मारली आणि धावत सुटली. मला तिथेच टाकून! पुढचं मला नंतर गाडीत तिच्या तोंडून कळलं. ती पोचली तेव्हा चारशे माणसं उभी होती, आणि तिला दिसल्या त्या फक्त पाठी. ती वाट काढत पुढे गेली तोवर पंचशील संपलं होतं आणि आत्याबाईंनी माईक बौद्धाचार्यांच्या हाती दिला होता. मोबाईलवर कोणी काढला असेल म्हणून तिने चौकशी केली. कोणी नाही. सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. मोबाईल धरणार कोण? व्हिडिओचा कॅमेरा मागे एका जागी रोवून ठेवला होता. त्यात आवाज उत्तम आला होता. चित्रात एका पाहुण्याचा निळा फेटा होता आणि त्याच्यामागून दिसणारी पांढऱ्या साडीची थोडी कड.

हार घालून झाल्यावर ललिताबाई पूर्णिमापाशी आल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "वंदनेतला आमच्या ताईंचा कसा आला हो फोटो? मला एक बघू द्या ना आत्ताच."

त्या एका वाक्यात पूर्णिमाला कळलं, की इतका वेळ ती ज्याला कार्यक्रमातला एक भाग समजत होती, ते या घराचं लग्नच होतं. श्रद्धा शेजारी उभी होती. तिने झटकन सांभाळून घेतलं. "काकू, सगळे फोटो एडिट होऊन येतील हं." आणि पूर्णिमाला बाजूला घेऊन म्हणाली, "ऐक. त्यांना दोन मिनिटं परत माईकपाशी उभं करू. मागे माणसं उभी करू. कोणाला कळणार पण नाही."

पूर्णिमा गेली आत्याबाईंकडे. चंद्रभागाबाई त्यांचं नाव. सत्त्याहत्तर वर्षांच्या. गुडघे दुखतात म्हणून मांडवाच्या कडेला एका खुर्चीत बसल्या होत्या. पूर्णिमाने सगळं सांगितलं. फोटो हुकला, परत उभ्या राहाल का, म्हणून विचारलं.

चंद्रभागाबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "फोटोसाठी वंदना म्हणत नसतात, पोरी. म्हणायची म्हणून म्हणतात. झाली ती झाली."

पूर्णिमा तशीच ललिताबाईंकडे गेली आणि सरळ सांगितलं, "फोटो नाहीये. मी तिथे नव्हते. चूक माझी आहे." ललिताबाईंचा चेहरा उतरला. त्या पाहुण्यांकडे निघून गेल्या. श्रद्धा मात्र संतापली. "क्लायंटला आपणहून चूक कोण सांगतं ग? मी मॅनेज केलं असतं ना! माझं नाव गेलं त्यात." पुढच्या तेरा लग्नांचं बघू, असं म्हणून ती निघून गेली.

मला गाडीत टाकताना पूर्णिमा रडत होती. अकरा वर्षांत मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. "एकदा घरी गेले असते तर," असं ती धानोरीच्या फाट्यापर्यंत म्हणत होती. मला तिला सांगायचं होतं, की बाई, चुकतं माणसाचं. पण स्टुलाचं ऐकतं कोण?

चार दिवसांनी फोन आला. चंद्रभागाबाईंचाच. "येत्या पौर्णिमेला धानोरीला घरी ये. आमच्याकडे दर पौर्णिमेला वंदना असते. आपली पायल आणि जावईपण येणार हायेत. तिथे काही तुझ्या कॅमेऱ्याला मनाई नाही."

पूर्णिमा गेली. मला घेऊन गेली. श्रद्धालाही तिने कळवलं होतं, पण ती येईल असं काही वाटलं नव्हतं. ती आली. हातात मिठाईचा पुडा, आणि दारातच घुटमळत उभी. आम्ही तिघं आत गेलो आणि समोरची भिंत पाहून थांबलो.

भिंतीवर एका रांगेत सहा फोटो होते. पहिला काळा-पांढरा, शेवटचा रंगीत. सहाही फोटोंत समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मागे हात जोडलेले नवरा-नवरी, आणि पुढे वंदना म्हणणारं घरातलं वडीलधारं माणूस. पहिल्या तीन फोटोंत एक धोतर नेसलेले गृहस्थ. पुढच्या तीन फोटोंत त्यांचे दोन मुलगे. सहाव्या फोटोच्या पुढे भिंतीत एक नवा खिळा ठोकलेला होता. त्यावर काही नव्हतं.

"लग्नाच्या आदल्या दिवशी ठोकला," ललिताबाई म्हणाल्या. "आमच्या घरात लग्नाची वंदना नागपूरला जाऊन आलेलं माणूस म्हणतं. छप्पन साली, दीक्षेला. सासरे होते, मग थोरले दीर, मग मधले. मधले दोन वर्षांपूर्वी गेले. आता या ताईच राहिल्या. आणि आमच्यात बाईमाणसाने म्हणायची ही पहिलीच वेळ."

श्रद्धा त्या खिळ्याकडे बघत राहिली. "फॉर्ममध्ये का नाही लिहिलं हे?" तिने अगदी हळू विचारलं.

पायल तिथेच उभी होती. तिने खांदे उडवले. "त्यात काय लिहायचं? मला वाटलं, हे तर माहीतच असतं ना."

वंदनेची वेळ झाली. मेणबत्त्या लागल्या. सगळे खाली सतरंजीवर बसले. चंद्रभागाबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसवेना. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला जवळ ओढलं. "हे काहून गुंडाळलं वो याला? घसरतं ना हे. काढ." पूर्णिमाने माझं सॅटिन फाडून काढलं. खरं सांगतो मित्रांनो, श्रद्धाच्या देखत फाडलं.

बसल्यावर चंद्रभागाबाई लगेच सुरुवात करेनात. पायलकडे वळून म्हणाल्या, "नागपूरला गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. एवढी माणसं, एवढी पांढरी कापडं, की मला नुसत्या पाठी दिसत होत्या. मग माझ्या बाबांनी मला खांद्यावर घेतलं. सगळ्यांनी एकदम म्हटलं तेव्हा बाबांचं अंग थरथरत होतं. ते मला माझ्या पायांना कळत होतं. शब्द मला मागाहून समजले."

मी त्यांचं सगळं वजन अंगावर घेऊन उभा होतो. जिला गर्दीत काही दिसत नाही तिला वर उचलून धरायचं, हे काम मी जन्मभर केलं. पण ते एवढं मोठं काम आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला माझा अभिमान वाटला, आणि तो मी लपवत नाही.

त्यांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. पूर्णिमाच्या पायांखाली मी नव्हतो, म्हणून ती जमिनीवर बसली, दाराला टेकली, आणि तिथून फोटो काढला. एकच. मग कॅमेरा खाली ठेवून तिने हात जोडले.

तो फोटो आता त्या खिळ्यावर आहे. श्रद्धाने सुचवलं होतं, की मागचं घराचं दार पुसून लग्नाचा मंडप टाकता येईल, आजकाल सहज होतं. सवय हो, दुसरं काय! पूर्णिमा नाही म्हणाली. चंद्रभागाबाईही नाही म्हणाल्या. फोटोखाली लग्नाची तारीख नाही, त्या पौर्णिमेची आहे. आणि मित्रांनो, त्या फोटोत मी आहे. शेकडो लग्नांच्या हजारो फोटोंमध्ये मी कुठेही नाही, कारण मी नेहमी कॅमेऱ्याच्या खाली असतो. या एकात आहे. चारही पाय स्पष्ट दिसतात. ललिताबाई सांगतात, की घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "बाकीच्या सहा फोटोंत सगळे उभे, मग या स्टुलावर का?" आणि मग त्यांना सगळी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागते.

जिना उतरताना श्रद्धाने पूर्णिमाला विचारलं होतं, "मग हा प्रश्न फॉर्ममध्ये कसा टाकायचा ग?"

"टाकता येत नाही," पूर्णिमा म्हणाली. "यावं लागतं."

श्रद्धा शहाणी. तिने उरलेल्या तेरा घरांना फोन करून विचारलं, की फोटोग्राफर तुमच्याकडे येऊन गेली तर चालेल का. सात घरांनी या म्हटलं. सहा घरांनी, फॉर्म भरलाय ना, मग आता काय, असं म्हटलं. त्या सहा लग्नांचे फोटोही छान आले. त्यांत काय राहून गेलं असेल ते आम्हाला कधी कळणार नाही.

आता माझा एक पाय जरासा डुगडुगतो. उत्तरेश्वरांचं दुकान बंद झालं. पूर्णिमाने पायाखाली ट्यूबचा नवा तुकडा लावलाय, त्यावर माझं भागतं. माझी काळजी तुम्ही करू नका. एक विनंती मात्र ऐका. तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, जे सगळ्यांना माहीतच असतं, आणि म्हणूनच कोणी कोणाला सांगत नाही. कोण गेल्यावर कोणी म्हणायचं, कोणी आधी पानात वाढायचं, कोणाचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात करायची नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आज संध्याकाळी जाऊन विचारा. आणि विचारायच्या आधी त्यांना बसायला काहीतरी द्या.